दुखण्याची आणेवारी

११ फेब्रुवारी १९५७, सोमवार

डॉक्टरने रोज नोंद ठेवायला सांगितली म्हणून पेन्सिल हातात घेतली, नाहीतर मला कुठली आली लिहायची हौस.

सकाळी मी आणि माझी पोर सुली गोंदियाला श्यामलाल डॉक्टरकडे गेलो. बैलगाडीने आमगाव, तिथून रेल्वे. डब्यात चढताना दांडी धरवेना, तर मागच्या बाईने मला कमरेला धरून पोत्यासारखं वर ढकललं. वर बसल्यावर मीच तिला दोन शब्द सुनावले.

डॉक्टरने माझी बोटं उलटीपालटी करून पाहिली. गाठी दाबल्या तेव्हा मी ओरडले. "बाई, कितने साल से है?" म्हटलं, सहा. "अब तक क्या क्या किया?" म्हटलं, काय नाही केलं ते विचारा. निरगुडीचा शेक, बिब्ब्याचे डाग, मांत्रिकाचा दोरा, सोमवारचे उपास. डाग अजून मनगटावर आहेत, दाखवले. तो हसला नाही. कपाटातून एक लहानशी बाटली काढली. नवी गोळी निघाली आहे म्हणे, विलायतेत खाटेवर पडलेले लोक ती खाऊन उठले आणि चालायला लागले. फक्त मनाने बंद करायची नाही, एक दिवससुद्धा, हे त्याने सुलीला दोनदा बजावलं. आणि रोज लिहायचं, किती दुखलं. त्यावरून तो गोळी वाढवणार की घटवणार ते ठरवेल.

"कितना दुखता है, बताओगी कैसे?"

"आण्यात सांगते," मी म्हटलं.

त्याला काही समजेना. सुलीने सांगितलं. माझा नवरा पटवारी होता. धान कापायच्या आधी दरवर्षी आणेवारी लिहायचा. सोळा आणे म्हणजे भरलेलं पीक, आठ म्हणजे अर्धं, आणि सहाच्या खाली गेलं की शेतसारा माफ. त्यामुळे गावातला एक माणूस कधी खरा आकडा बोलायचा नाही. मागे चौदा आणे धान डुलत असायचं आणि पुढे उभा राहून म्हणायचा, पाच आणे बी नाही जी. हे जेवताना त्या लोकांच्या नकला करायचे, मला ठसका लागायचा. ते गेले त्याला नऊ वर्षं झाली. आणे काही माझ्या डोक्यातून गेले नाहीत. सोळा आणे दुखणं म्हणजे पुरं दुखणं. आज सोळा.

डॉक्टरची वही सुली लिहिणार. मी तोंडाने सांगायचं, तिने लिहायचं, आणि ती वही तिच्या पेटीत राहणार, माझ्या तेल-हळदीच्या हातांना मनाई. ही वही माझी. यांच्या दप्तरात एक कोरं रजिस्टर उरलं होतं. पेन्सिलीला चिंधी गुंडाळली की धरवते.

डॉक्टरपुढे आणखी एक झालं. त्याने सुलीला विचारलं, पढ़ती हो? ती म्हणाली, सातवी पास आहे, नागपूरच्या दवाखान्यात नर्सबाईचं तीन वर्षांचं शिक्षण आहे, एक जुलैला सुरू होते, अर्ज टाकला होता, पण जायची नाही. मी आ करून पाहत राहिले. मला अर्जाचा पत्ताच नव्हता.

"काऊन नाही जायची?" मी विचारलं.

माझ्याकडे न पाहता म्हणाली, "तुझी वेणी कोण घालन?"

वीस वर्षांची पोर. चौदाव्या वर्षापासून माझी वेणी घालते, मला लुगडं नेसवते, घास भरवायचे दिवससुद्धा येऊन गेले. गाडीत बसून मी एकच गोष्ट मनात धरली. जुलैच्या आत माझे हात उघडले पाहिजेत, मग ही जाईल.

१५ फेब्रुवारी

चार दिवस गोळ्या गिळल्या. सोळाचे सोळा. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, इथे पहिलाच उगवेना.

१७ फेब्रुवारी

मूठ मिटली!

सकाळी उठून बसले आणि सवयीने बोटं दुमडून पाहिली, तर दुमडली. मला वाटलं स्वप्नात आहे. चुलीजवळ गेले, तेलाच्या डब्याचं झाकण उघडलं, लावलं, परत उघडलं. सुली अंगणातून ओरडली, "काय वाजवून राहिली वं?" म्हटलं, झाकण उघडून राहिले. ती आली, माझ्या हाताकडे पाहिलं आणि तिथेच उंबऱ्यावर बसून रडली. मी पण रडले. मग चहा मी केला. साखर जास्त पडली, तरी दोघींनी पिऊन टाकला.

चार आणे. त्या डॉक्टरच्या आईची कूस धन्य.

४ मार्च

बसवत नाही. एक काम संपलं की दुसरं हाताला लागते. माळा झाडला, कणगी लिंपली, यांचे सगळे कागद उन्हात घातले. झोप दोन-तीन तास येते आणि तेवढी पुरते. भूक अशी की सुलीच्या ताटातला भातही मागून घेतला. उगाच तिच्यावर खेकसते, मग उगाच कुरवाळते. इतकं बरं वाटते की कुठे ठेवू समजत नाही.

धाकटी जाऊ रुख्मा आली होती. शेजारचंच घर, पण माझ्या उंबऱ्यावर ती सणावारीच दिसायची. म्हणाली, "बाई, तुमचं तोंड कसं पुनवेच्या चंद्रावानी गोल झालं!" म्हटलं, अंगात रक्त आलं बाई, सहा वर्षांनी. तिला म्हटलं, तुझं घर सारवून देऊ का? ती घाबरून निघूनच गेली.

तीन आणे.

२२ मार्च

गोंदिया. मला वाटलं डॉक्टर खूश होईल. त्याने माझा गाल दाबला, पावलं दाबली, लघवी काचेच्या नळीत तापवून पाहिली. निळं पाणी विटकरी झालं. मग सुलीशी भराभर हिंदीत बोलला. "ये तंदुरुस्ती नहीं है, सूजन है," एवढं मला समजलं. गोळी हळूहळू घटवायची म्हणे. कमी गोळीत दुखणं काबूत राहते का ते पाहायचं, आण्यांवर नजर ठेवायची.

मला त्याचा राग आला. जेवायला बसवून ताट ओढून घेतल्यासारखं केलं त्याने.

३० मार्च

सात. काल पाच होते.

नागपूरचं पत्र आलं आहे. सुलीने सांगितलं नाही, डाकवाल्याने सांगितलं, बाई, पोरगी निवडली गेली ना, पेढे कुठे आहेत? घरी आल्यावर तिला विचारलं. तांदळाच्या डब्यातून पत्र काढून तिने माझ्यापुढे टाकलं.

"कायले लपवलं?"

"दाखवून काय होते? तुझे आणे वाढून राहिले."

"कमी झाले तर?"

तिने बराच वेळ तांदूळ निवडला. मग म्हणाली, "चारच्या वर नाही गेले न, जूनपर्यंत, तर जाईन. गेले तर नाव नको काढू. मी डॉक्टरलेबी सांगून ठेवलं."

"शपथ?"

"शपथ."

झालं तर मग.

१ एप्रिल

आजपासून सरकारचे नवे पैसे निघाले. रुपयात शंभर. दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघंही बावचळले आहेत. सरकारने काहीही करावं, दुखणं आण्यातच समजते.

आज दहा. सुलीने विचारलं, "किती?" मी म्हटलं, "तीन." किती सोपं असते! तिने मान खाली घालून लिहिलं, वर पाहिलं नाही. मी पटवाऱ्याची बायको आहे. कागदावर सोयीचा आकडा कसा चढवायचा हे मला कोणी शिकवायला नको. या वहीत खरं लिहीन, त्या वहीत तीन.

९ एप्रिल

मोहफुलं पडायला लागली. आपल्या शेताच्या धुऱ्यावरची दोन झाडं आहेत, पहाटे वेचायला जातात सगळ्या. सुली म्हणाली, तू घरी राहा. म्हणजे हिला शंका आहे. म्हटलं, काऊन राहू? आणि टोपली घेऊन निघाले.

एकेक फूल चिमटीत धरायचं. उजव्या हाताचा अंगठा जसा कोणी पिळून राहिला होता. मी डाव्याने वेचलं, उजवा पदराखाली ठेवला. गाणं म्हटलं, तोंडावर हसू ठेवलं. आणि सांगते काय, माझी टोपली सुलीच्या आधी भरली! तिची अर्धीसुद्धा नव्हती. वाकून वाकून माझ्याजवळून फिरत होती नुसती. मी तिला टोचलं, शहराचे वेध लागले की पोरींचे हात चालत नाहीत. ती हसली, म्हणाली, "हाव ना, तू जिंकली."

अकरा. पण आज मला बरं वाटलं. हात अजून अगदीच मेले नाहीत.

२० एप्रिल

सुली एकटी गोंदियाला जाऊन आली. मी गेले नाही, माझी बोटं पाहिली असती तर डॉक्टरला समजलं असतं. म्हटलं, मला काय धाड भरली, बरी आहे मी, वही दाखव आणि गोळ्या आण. ती गोळ्या घेऊन आली. आता अर्धीच घ्यायची, दिवसातून एकदा.

म्हणजे वहीतले तीन आणे पाहून त्याला वाटलं, बाई बरी आहे. मीच मला म्हटलं, वा गं देवका! सारं गाव कमी पीक सांगून माफी घ्यायचं. तू दुखणं कमी सांगितलं आणि औषध घालवलं. हे असते तर पोट धरधरून हसले असते.

बारा. आता खरं सांगितलं तर गोळी वाढेल आणि सुली थांबेल. नाही सांगितलं तर सुली जाईल आणि मी अशी. सरळ हिशेब आहे, पण सोडवताना घाम फुटते.

११ मे

तेरा. ऊन मी म्हणते आहे.

पोरगी बिघडून राहिली. आजकाल एक झाकण नीट लावत नाही. तेलाचं, मिठाचं, तांदळाचं, सगळी नुसती वर ठेवलेली. मुंग्या झाल्या मिठात... मिठात नाही, गुळात. सरपण इतकं बारीक फोडते की चूल भसाभसा खाऊन टाकते. मोठा पाण्याचा गुंड सोडून लहान लहान लोटे भरून ठेवते ओळीने. मी म्हटलं, नागपूरला गेल्यावर असंच करशील तर पहिल्याच दिवशी हाकलून देतील. म्हणाली, "शिकवतीन ना तिथं."

आणि ती रुख्मा. दिवाळीला एकदा डोकावणारी बाई, आठ दिवसांपासून रोज दोन घागरी पाणी आणून ओतते. "जातच होती बाई विहिरीवर, तुमचंबी आणलं." न मागता कोणी पाणी भरत नसते. सुली गेली की धुऱ्याजवळच्या धानाच्या बांधीवर डोळा असेल नवराबायकोचा. मी लक्ष ठेवून आहे.

२ जून

आज चहाची कपबशी हातातून गेली. सुलीने वाकून तुकडे उचलले. मी म्हटलं, हात ओला होता. ती म्हणाली, "हाव, ओला होता."

चौदा.

आज मनात आलं ते लिहून टाकते, नाहीतर गळ्याशी अडकून राहील. सांगून टाकावं. फक्त तोंड उघडायचं. "सुले, चौदा आहे वं" एवढंच म्हणायचं. ती थांबेल. उद्या सकाळी चहा हातात देईल, पाठीला उशी लावेल, वेणी घालेल. परवाही, तेरवाही. मला तिच्या हातची इतकी सवय झाली आहे की ती आंघोळीला गेली तरी मी दाराकडे पाहत बसते. मग मी मरेन केव्हातरी, आणि ती चाळीस वर्षांची होऊन या चुलीपुढे बसलेली असेल. लोक म्हणतील, आईची सेवा करावी तर सुलोचनाने. म्हणायला लोकांचं काय जाते.

नाही सांगितलं. पण सांगावंसं वाटलं, हे खरं आहे. मी काही देवमाणूस नाही.

१६ जून

दीर आले होते, बकाराम. रुख्मा मागे पदर घेऊन उभी. म्हणाले, "वैनी, पोरीले धाडता खरं, पण ते काम कोणतं? परक्या लोकायची घाण काढाची. उद्या सोयरीक कोण करन?"

मी म्हटलं, "सहा वर्सं झाले, ते माही काढून राहिली. तवा नाही बोलले तुमी."

ते उठून गेले. रुख्मा मात्र मागे वळून हसली. तिचं काही समजत नाही.

चौदा. सुलीला तीन.

३० जून, रविवार

गेली.

सकाळी तिने माझी वेणी घातली, इतकी घट्ट की भुवया वर ओढल्या गेल्या. म्हणाली, आठ दिवस सुटायची नाही. डॉक्टरची वही तिने पंचवीस तारखेलाच त्याच्याकडे नेऊन दिली आहे. आता महिन्याच्या गोळ्या घ्यायला जाशील तेव्हा डॉक्टर नवी वही देईल, मग तूच लिही, म्हणाली.

बकारामने गाडी जुंपली. भावजी रुसले तरी बैल त्यांचेच. आमगावच्या फलाटावर तिने ट्रंक खाली ठेवली आणि पाया पडली. पायाशी बसली ती उठेचना. दोन्ही हातांनी माझे घोटे धरून बसली. घोटे सुजलेलेच होते, मी लुगडं खाली ओढलं. गाडी लागली होती, मी ओरडले, "उठ ना वं, सुटन ते!"

उठली. विचारलं, "आज किती?"

"दोन."

"बरं," म्हणाली आणि चढली. खिडकीत बसून पाहत राहिली. हात हलवावा असं वाटलं, पण खांद्याच्या वर हात जात नाही, म्हणून मी नुसतं तोंडाने जा जा म्हटलं.

पंधरा. जिंकले मी. घरी येऊन दार उघडायला कडी निघेना, रुख्माने काढली.

८ जुलै

गोंदियाला गेले, रुख्माला सोबत घेऊन. तिने आयुष्यात दुसऱ्यांदा रेल्वे पाहिली, पूर्ण वाट खिडकीची सळई सोडली नाही.

डॉक्टरने विचारलं, "कितने आने, बाई?"

जीभ आपोआप वळली. "तीन."

त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बाई, लड़की चली गई. अब वो कहानी खतम करो. सही बोलो."

पहिल्यांदा दुसऱ्या माणसापुढे बोलले, "पंधरा." त्याला काहीच नवल वाटलं नाही. म्हणाला, एक दिवससुद्धा तुमचे तीन आणे मानले नाहीत. गोळी घटवली ती लघवीत साखर दिसली म्हणून, तीन असते की तीस, घटवावी लागलीच असती. मी मनात इतकी धुमसले होते की माझ्या खोट्याने माझं औषध गेलं, आणि माझ्या खोट्याने काहीसुद्धा झालं नव्हतं.

म्हटलं, मग तुम्हाला खरं कोण सांगत होतं? त्याने कपाटातून वही काढून माझ्यापुढे सरकवली. "उसने बताने को मना किया था. मैं बता नहीं रहा हूँ, कॉपी दे रहा हूँ. अब आप ही को लिखना है."

मग त्याने दुसरा उपाय सांगितला. सोन्याची सुई. दर आठवड्याला एक, कमरेत. लोकांना पुष्कळ वर्षांपासून माहीत आहे, पण या भागात कोणाला दिली नव्हती. सहा महिने काही समजणार नाही. कदाचित गुण येईल, कदाचित अंगावर फोड येऊन बंद करावी लागेल. "उम्मीद रखो, पर हिसाब से." रुख्माने कोपऱ्यातून विचारलं, "किती तोळे लागते जी?" डॉक्टर इतका हसला की कंपाउंडर आत आला.

पहिली सुई आजच टोचून घेतली. गोळीचा पाव तुकडा चालू ठेवायचा.

परतीच्या गाडीत मी वही उघडली. सुलीचं अक्षर. उतरवून घेते, नाहीतर उद्या मला खरं वाटायचं नाही.

"१ एप्रिल. आई म्हणते तीन. तेलाचं झाकण उघडता आलं नाही. दहा असतील."

माझ्या या वहीत त्या दिवशी दहाच लिहिले आहेत.

"९ एप्रिल. आई म्हणते तीन. मोहफुलं डाव्या हाताने वेचली. अकरा. माझी फुलं तिच्या टोपलीत टाकत होते, तिला समजलं नाही."

"११ मे. आई म्हणते तीन. तेरा. झाकणं सैल ठेवते आहे, आई रागावते. काकीला पाण्याचं सांगितलं होतं, ती रोज भरते."

"२५ जून. आई म्हणते तीन. चौदा. डॉक्टरसाहेब, मी तीस तारखेला जात आहे. चारच्या वर गेले तर जाणार नाही अशी शपथ घेतली होती, ती मी मोडत आहे. मला पाठवण्यासाठी ती तीन महिने खोटं बोलते आहे. मी थांबले तर तिचं एवढं सोसणं वाया जाईल. तिला सांगू नका."

रुख्मा म्हणाली, "बाई, डोळ्यात कोळसा गेला का?" म्हटलं, गेला.

९ जुलै

माहीत असून गेली.

दिवसभर हेच. भात करपला. माहीत असून गेली. माझं दुखणं रोज पाहिलं, मोजलं, सुबक अक्षरात लिहिलं, आणि मग ट्रंक उचलली. घोटे धरून बसली होती ती काय माया म्हणून नाही, सूज पाहत होती! नर्सबाई! अशी कशी गेली ही? माझा पाय उचलला नसता.

रुख्मा पाणी घेऊन आली तर तिच्यावरच ओरडले, तुलाही सगळं माहीत होतं ना? ती म्हणाली, "होतं."

"अन् बोलली नाही?"

"बाई, तुमाले पोरीले धाडाचं होतं ना?"

"हाव."

"ते गेली ना?"

"हाव."

"मंग?"

"मंग काही नाही. जा तू."

ती गेली नाही. बसून माझे तांदूळ निवडले. या बाईबद्दल मी बांधीचं काय काय लिहून ठेवलं आहे मागच्या पानावर.

१२ जुलै

धानाचा रोवणा लागला. बायका पऱ्ह्यांच्या, लहान रोपांच्या पेंड्या घेऊन चिखलात उतरल्या, त्यांची गाणी घरापर्यंत येतात. मी धुऱ्यावर जाऊन बसले. कमरेत सुईची जागा ठणकते. सोनं कुठपर्यंत पोचलं असेल असं उगाच मनात येते.

तीन दिवस विचार करून एवढं समजलं. ती जावी असं मला वाटत होतं. पण ती फसून जावी असंही वाटत होतं. म्हणजे पुढे कधी तिला समजलं असतं की आई तेव्हा अशी होती, तर तिने तिथे रडावं, आणि मी इथे मोठं ठरावं. हे काही चांगलं नाही, पण होतं मनात. तिने ते होऊ दिलं नाही. उघड्या डोळ्यांनी गेली. ते माझ्या खोट्यापेक्षा जड काम आहे. तिच्या जागी मी असते तर चुलीपुढे बसले असते आणि जन्मभर आईला ऐकवलं असतं.

राग आहे अजून. पण आता त्यात दुसरंही काही मिसळलं आहे. पोर माझ्यापेक्षा धीराची निघाली, हे काय वाईट झालं?

पंधरा. सकाळी मूठ दोन तास मिटली नाही.

१९ जुलै

सुलीचं पत्र आलं. एक पान. पांढरं लुगडं मिळालं, डोक्याला बांधायचं फडकं मिळालं, पहाटे पाचला उठवतात. पहिल्याच आठवड्यात एका म्हातारीला आंघोळ घालायला सांगितली तर बाकीच्या पोरी घाबरल्या, तिने घातली. मोठ्या बाईने विचारलं, आधी कुठे शिकली? तिने सांगितलं, घरी.

खाली लिहिलं आहे, "आई, किती आणे ते लिही. काकीकडून लिहवून नको घेऊ, तुझ्या हाताने लिही. दिवाळीला सुट्टी नाही, पण दुखत असेल तर मागून पाहते."

काकीला लिहिता येत नाही हे तिला चांगलं माहीत आहे. माझं अक्षर पाहायचं आहे तिला. अक्षर खोटं बोलणार नाही म्हणून.

दुपारी कार्ड घेऊन बसले. पेन्सिल दोनदा पडली, दोन्ही वेळा रुख्माने उचलून दिली आणि तोंड फिरवून बसली. आधी मनात आलं, आठ लिहावं. आठ म्हणजे अगदी खोटं नाही, अगदी खरं नाही, पटवारी लिहितात तसं. मग तिचा चेहरा आला डोळ्यांपुढे. ती अक्षर पाहील, मग आकडा पाहील, मग शांतपणे दुसऱ्या वहीत पंधरा लिहील.

अर्धा घंटा लागला. अक्षरं वाकडी आणि मोठी आली, त्यामुळे कार्डावर एवढंच मावलं:

"आज पंधरा आणे. सोन्याची सुई चालू आहे. येऊ नको."